सोळा हाजिर, सब ठीक

हणमंत भावजींना दुसऱ्याच्या घरात शिरताना खाकरायची रीत कधी जमलीच नाही. सुभेदार होऊन आले तरी नाही. त्या दिवशीही पावणेसातला सरळ आत आले, पायात बूट तसेच. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, माझ्याकडं बघितलंही नाही. भिंतीतल्या दिवळीत चार्जिंगला लावलेला जोतीचा फोन ओढून काढला आणि वळले.

"भावजी, हे घर हाय का छावणी?"

"वैनी, सातला फॉलिन हाय. टाईम न्हाई."

"ज्याचा फोन हाय त्यो तिथं पडवीत बसलाय. त्याला मागावा का न्हाई?"

"त्यो येत न्हाई म्हणून तर मला यावं लागतंय."

"मग त्यो का येत न्हाई ते इचारा की. फोनला कशाला नेताय वरातीत?"

भावजी हसले. "वैनी, तुमचं तोंड सरहद्दीवर ठेवाय पायजे व्हतं. सरकारचा दारूगोळा वाचला असता."

गेले. पडवीतून जाताना जोतीच्या खांद्यावर थाप मारली, "काय हवालदार, ठीक?" म्हणाले आणि उत्तराला थांबले नाहीत. जोतीनंही दिलं नाही. तो समोरच्या भिंतीकडं बघत बसला होता, चहा तसाच गार.

भावजी म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सात वर्षांचे होते. त्यांचं नाक मी पुसलंय, खरजेला कडूनिंब मी लावलाय. म्हणून त्यांच्याशी बोलताना मी पदर सावरते पण शब्द सावरत नाही. आणि जोतिराम माझा एकुलता एक. सतरा वर्षं फौजेत काढून आला. शेवटच्या वर्षी बर्फातल्या चौकीवर पाच जण गाडले गेले, त्यांना उकरून काढणाऱ्यांत हा होता. एवढंच मला ठाऊक, तेही त्याच्या बायकोकडून, शैलाकडून. मला त्यानं कधी सांगितलं नाही.

आमचं शिपुरडं फौजेचं गाव. घरटी एक गडी पलटणीत. चावडीपुढं स्मारक आहे, त्यावर एकोणीस नावं. परगावची सोयरीक आली तर आधी स्मारकाला हात लावतात, मग घरात येतात. अशा गावात एक पोरगी पुण्याहून आली, पाठीवर बॅग, हातात पाण्याची बाटली, नाव शर्वरी. समाजमंदिरात सगळ्या माजी सैनिकांना बोलावलं. आम्ही बायका मागं बसलो होतो.

"हे 'मनोबल' नावाचं ॲप आहे," ती म्हणाली. "ज्यांनी नोकरीत नको ते बघितलंय त्यांच्यासाठी. फौजी, अग्निशमन दलवाले, ॲम्ब्युलन्सवाले. पण अजून पक्कं झालेलं नाही. तीन महिने तुमच्याबरोबर तपासून बघायचंय."

"म्हंजे आम्ही उंदीर व्हय?" बबन इंगवले म्हणाला. हा फौजी नव्हे, पिंपरीकडं आगीच्या बंबावर वीस वर्षं होता. गावात असे दोघं, हा आणि एक ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. चौदा फौजी धरून सोळा झाले.

सगळे हसले. पोरगी पण हसली. मग तिनं फोनवर दाखवलं. रोज सकाळी आठ प्रश्न यायचे. झोप लागली का, जेवण गेलं का, राग आला का. प्रत्येकाखाली पाच तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. हसरं हिरवं, रडकं लाल. वाचता आलं नाही तरी कळावं म्हणून. माझं शिक्षण तिसरीपर्यंत, मला पण कळलं. शेवटचा प्रश्न ती जरा हळू वाचून गेली. जगावंसं वाटतं का.

भावजी उठले. "मॅडम, असले प्रश्न फौजीला इचारायचे नसतात."

"म्हणूनच तर माणूस विचारत नाही, काका. फोन विचारतो." ती म्हणाली. "एकट्यानं भरा, खरं भरा. ओळीनं तीन दिवस लाल आलं तर आमच्याकडच्या ताईंचा फोन येईल, बोलायला. फोन खिशात ठेवा, किती चाललात तेही तो मोजतो."

मला ती पोरगी आवडली. पण तिला गाव कळलं नव्हतं.

पहिले चार दिवस ज्यानं त्यानं आपापलं भरलं. पाचव्या दिवशी भावजींनी फर्मान काढलं. रोज सातला स्मारकापुढं फॉलिन, म्हणजे ओळीत उभं राहून हजेरी. सोळाच्या सोळा फोन चौथऱ्यावर ओळीनं मांडायचे. सगळ्यांनी फोन उघडायचा आकडा एकच ठेवायचा, चार शून्यं. भावजी नावं घ्यायचे, गडी "ठीक" म्हणायचा, आणि भावजी चष्मा नाकावर ओढून त्याच्या फोनवर हिरवी तोंडं दाबत सुटायचे. शेवटी ताठ उभं राहून, स्मारकाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणायचे, "कुल सोळा, हाजिर सोळा. सब ठीक, श्रीमान!"

पलटणीत अशीच खबर द्यायची असते म्हणे. रोज सकाळी तुकडीचा माणूस वरच्याला खैरियत सांगतो. वरचा त्याच्या वरच्याला. कुणाच्या पोटात दुखतंय ते कुणी वर सांगत नाही. दुखतंय ते तुकडीनं आपल्यात बघायचं. गावातल्या गड्यांना यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. कुणी सांगितलंय रोज सकाळी उठून आपल्या मनात वाकून बघायला.

जोती पहिले काही दिवस गेला. मग जायचा थांबला. म्हणून भावजी येऊन फोन न्यायला लागले आणि अर्ध्या तासानं आणून द्यायला लागले. स्मारक आमच्या घरापासून हाकेवर. पडवीत बसलं की प्रत्येक नाव ऐकू यायचं. "हवालदार जोतिराम निकम!" आणि त्याच दमात, भावजींच्याच आवाजात, "ठीक!"

जोती ऐकायचा. एकदा मी म्हटलं, "तुझ्या नावानं चुलता बोलतोय बघ, तुला तोंड न्हाई का?"

"बोलू दे आई. त्याला जमतंय."

महिना-दीड महिना गेला आणि पोरगा बदलला. मी हे आज लिहिते तेव्हा माझाच मला राग येतो, कारण मी खूश झाले होते. हसायला लागला. शैलाला घेऊन बसला आणि कॅन्टीनचं कार्ड कुठं, दवाखान्याचं कार्ड कुठं, पेन्शनच्या ऑफिसात कुणाला भेटायचं, सगळं समजावलं. तिला नावं घोकायला लावली. फौजेतला जाड कोट बबन इंगवलेला देऊन टाकला. "दूध घालाय जाताना तुला गाडीवर वारं लागतं," म्हणाला. लेकीला साताऱ्याला तिच्या मामाकडं जाऊन भेटून आला, तिच्यासाठी पेनांची पेटी नेली. कालव्याचा पाटकरी रस्त्यानं निघाला की त्याला हाक मारायचा, "अण्णा, पाणी कधी सुटतंय?"

"या महिन्याच्या आखरीला."

"नक्की तारीख कळली की सांगा."

मी ओसरीत ज्वारी निवडत ऐकायची. मनात म्हणायची, बरं झालं बाई, गड्याचं रानात चित्त लागलं. आमचं रान ओढ्याच्या वरच्या अंगाला, विहिरीवर भिजतं. कालव्याचा थेंब आमच्या वाफ्यात येत नाही. हे मला, या मातीत पन्नास वर्षं काढलेल्या बाईला, त्या वेळी सुचलं नाही.

शैलाला सुचलं होतं. ती एकदा म्हणाली, "आत्या, हे लईच गोड बोलाय लागल्यात. मला भ्या वाटतंय."

"नवरा गोड बोलला की भ्या वाटणारी तू पहिलीच बघितली," मी म्हटलं. असं मी म्हटलं.

तीन महिने भरायला दोन दिवस राहिले. शेवटच्या कार्यक्रमाला भावजींच्या जुन्या पलटणीचे कर्नलसाहेब येणार होते. भावजींनी चौथरा धुवून घेतला, पताका लावल्या, गड्यांना ब्लेझरवर पदकं लावून यायला सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी ती शर्वरी आमच्याकडं आली. जोती घरी नव्हता. रोज दुपारी जेवून फिरायला जायचा. मी चहा टाकला.

"आजी, तुमचा मुलगा म्हणजे आमचा पहिला नंबर," ती म्हणाली. पोरगी आनंदात होती. "सगळ्यांत जास्त चालतात. आणि सुधारणा केवढी! पहिले तीन दिवस त्यांची सगळी उत्तरं लाल होती. शेवटच्या प्रश्नाचंसुद्धा. आमच्या ताईंनी चौथ्या दिवशी फोन केला, तो त्यांच्या काकांनी उचलला. आणि पाचव्या दिवसापासून बघा, हिरवं. रोज हिरवं. आमच्या अहवालात पहिलं उदाहरण त्यांचंच आहे."

मी गाळणी हातात धरून उभी होते.

"लाल कुणी दाबलं व्हतं?"

"त्यांनीच."

"आन नंतर?"

"नंतरही त्यांनीच ना." ती थांबली. "सगळ्यांचीच उत्तरं सात ते सात-दहा या वेळात येतात. मला वाटलं, फौजी आहेत, शिस्त आहे."

तिनं आपलं बोलणं पुढं रेटलं, जशी घाबरलेली माणसं रेटतात. "आणि हे बघा, खरं तर हे दाखवायचं नसतं, पण तुम्ही आई आहात. हे त्यांचं रोजचं चालणं." फोनवर वरून काढलेला गावाचा फोटो होता. त्यावर निळी रेघ. आमच्या दारातून निघून, चावडी सोडून, माळावरून थेट एका ठिकाणी जात होती आणि तिथं गाठ मारल्यासारखी जाड झाली होती. "रोज इथंच जातात. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं बसतात. छान जागा असेल ना काही? देऊळ वगैरे?"

फोटोत देऊळ नव्हतं. कालव्याची सरळ पांढरी रेघ होती. ओढा आडवा येतो तिथं ती तुटत होती आणि पलीकडं पुन्हा सुरू होत होती. तिथं कालवा ओढ्याच्या खालून बोगद्यातून जातो. त्याला सायफन म्हणतात. कालवा भरून चालला की पाणी अलीकडच्या तोंडात घुसतं आणि शंभर पावलांवर पलीकडच्या तोंडातून वर येतं. म्हैस गेली तरी पलीकडं मेलेलीच निघते.

त्या जागेवर मी एकदाच गेले होते. तीस वर्षांपूर्वी.

"पोरी," मी म्हटलं, "रोजची ती उत्तरं माझा दीर भरतोय. समद्यांची. माझा पोरगा चार महिने झाले झोपला न्हाई."

तिनं कपबशी खाली ठेवली. तिथंच तिनं जोतीला फोन लावला. त्यानं उचलला. माझ्या कानाला लावला होता म्हणून मी ऐकलं. किती नीट बोलला! "मी एकदम ठीक आहे मॅडम. उद्या कार्यक्रमाला भेटू." तिनं मग पुण्याला फोन केले. उद्या सकाळी साहेबांच्याच गाडीतून डॉक्टर येतील म्हणाली.

ती गेली आणि ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर कोतवालानं पुकारलं. उद्या सकाळी कालव्याला पाणी सुटणार, दुपारपर्यंत आपल्या हद्दीत येईल, कुणी जनावरं पात्रात सोडू नयेत.

मी तशीच भावजींच्या घरी गेले. ते पदकं पुसत बसले होते, वर्तमानपत्रावर मांडून.

"जोतीचा फोन तुम्ही उचलला व्हता का? त्या बाईचा, पहिल्याच आठवड्यात?"

त्यांनी पदक खाली ठेवलं. "उचलला. मी आलो तवा दिवळीत वाजत व्हता."

"काय सांगितलं?"

"चुकून दाबलं गेलं म्हणालो. वैनी, तुम्हास्नी कळत न्हाई. ते समदं लिहिलं जातंय. वर जातंय. शिपुरड्याच्या निकमाचा पोरगा येडा झाला, असं कागदावर आलं की पुसत न्हाई. लेकीचं लगीन हाय उद्या त्याच्या."

"त्यो कालव्यावर जाऊन बसतोय."

"बसू दे की. मोकळी हवा हाय."

"सायफनवर बसतोय, भावजी."

आता त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या जागेचं नाव आमच्या घरात कुणी काढत नाही. क्षणभर वाटलं, या माणसाला समजलं. पण त्यांचा हात पुन्हा फडक्याकडं गेला.

"दादा घसरला व्हता," ते म्हणाले. "शेवाळ व्हतं. तुम्हीच सांगितलं पोलीसपाटलाला."

"व्हय. मीच."

"मग त्याचा आन ह्याचा काय संबंध? वैनी, एक दिवस. उद्या साहेब येऊन जाऊ द्या. परवा मी सोता त्याला घेऊन दवाखान्यात जातो. मला काय त्याची माया न्हाई? मी पण बघितलंय की. माझ्या मांडीवर पोरं मेल्यात. मी कुणाला सांगाय गेलो का? सकाळी उठलो, दाढी केली, सब ठीक म्हणालो. तसंच असतंय ते."

त्यांचा आवाज शेवटी जरा हलला. मी तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोलले. तीस वर्षांचं कुलूप एका संध्याकाळी निघत नाही. घरी आले, शैलाला सगळं सांगितलं. आम्ही दोघींनी आळीपाळीनं त्याच्यावर डोळा ठेवला.

सकाळी जोतीनं आंघोळ केली, दाढी केली, ब्लेझर घातला, पदकं लावली. माझ्या पाया पडला. सणाला पडतो तसा. आमच्याबरोबरच चालत स्मारकापाशी आला आणि आपल्या खुर्चीवर बसला, पहिल्या रांगेत, शेवटून दुसरा. मागं बायकांच्या रांगेतून त्याची मान मला दिसत होती. शैलानं माझा हात दाबला. वाटलं, झालं, आता डॉक्टर येतील.

गाडी आली. सगळे उठले. ताशा वाजला, फेटे बांधले, कुणाचं तरी लेकरू रडलं. शर्वरी गाडीतून उतरलेल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन गर्दीतून वाट काढत होती. सगळे खाली बसले तेव्हा शेवटून दुसरी खुर्ची मोकळी होती.

मी शर्वरीकडं बघितलं. तिनंही ती खुर्ची बघितली. तिनं झटकन आपला फोन काढला, बघितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. लांबूनच मला खूण केली, इथंच आहेत. तिच्या फोनात जोती इथंच होता. कारण त्याचा फोन इथं होता. साहेबांना दाखवायला सोळा फोन चौथऱ्यावर हार घालून मांडले होते.

भावजींनी नावं घ्यायला सुरुवात केली. एकेक गडी उठून "हाजिर, श्रीमान" म्हणत होता.

"हवालदार जोतिराम निकम!"

कुणी उठलं नाही. भावजींनी मोकळी खुर्ची बघितली. मी त्यांना बघताना बघितलं. साहेब कौतुकानं हसत उभे होते. भावजींची मान ताठ झाली.

"हाजिर!" ते म्हणाले. "ठीक!" आणि पुढचं नाव घेतलं.

मी उठले. माझ्या शेजारच्या बायका "अगं बाई, बस की" म्हणून पदर ओढत होत्या. बबन इंगवले कडेला आपल्या मोटारसायकलला टेकून उभा होता. मी त्याला एवढंच म्हणाले, "सायफन." त्या माणसानं एक प्रश्न विचारला नाही. वीस वर्षं घंटा वाजली की धावलेला गडी. मला मागं बसवलं आणि माळावरून गाडी अशी हाणली की माझी कवळी हातात आली. शैला मागनं पळत येत होती.

काठावर ब्लेझर घडी करून ठेवला होता. पदकं वर. चपला शेजारी, जोडीनं. तो खाली पात्रात, बोगद्याच्या तोंडापुढं मांडी घालून बसला होता, पाठ आमच्याकडं. पात्र कोरडं ठाक. पण लांब वळणावर पाणी दिसत होतं. कालव्याचं पहिलं पाणी धावत येत नाही. वाळका पाला, कागद, फेस तोंडाशी ढकलत सरपटत येतं, आणि त्याच्या मागं सगळं वजन असतं.

बबन खाली उडी मारायला निघाला. मी त्याला धरलं. "तू गेलास तर त्यो आत पळंल."

"मग काय करायचं, काकी?"

मी बसले आणि काठावरून घसरत खाली गेले. फरशीवर कोपर फुटलं, लुगडं फाटलं. त्याच्याजवळ जाऊन बसले. माझे दोन्ही गुडघे दहा वर्षांपूर्वीच गेलेत. मला खाली येता येतं. वर चढता येत नाही. हे जगात कुणाला पक्कं ठाऊक असेल तर त्याला. देवळाच्या चार पायऱ्या तोच मला उचलून चढवायचा.

त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंड पांढरं पडलं.

"आई, तू कशाला आलीस? वर जा."

"कशी जाऊ?"

"बबन!" तो ओरडला. "बबन, हिला घे वर!"

"बबननं मला हात लावला तर त्याचा हात मोडीन," मी म्हटलं. "मी हितंच बसणार. तू बसलायस तंवर."

पाणी वळणाच्या अलीकडं आलं होतं. पाल्याचा आवाज यायला लागला, सुपात काही पाखडल्यासारखा.

"आई, मला झेपंना. तीन दिवस मी खरं दाबलं व्हतं. लाल. मला वाटलं कुणीतरी येईल. काका आला. आन रोज सकाळी माझं नाव घिऊन ठीक म्हणाला. महिना-दीड महिना ऐकलं गं. मग मला वाटलं, ठीकच असंल. मीच काय ते जास्तीचा हाय."

"तुझा बाप घसरला न्हवता," मी म्हणाले.

त्यानं मान वळवली.

"हितंच. काठावर चपला जोडीनं ठेवल्या व्हत्या. घसरणारा माणूस चपला काढत न्हाई. मी त्या उचलल्या, एक पाण्यात टाकली, एक शेवाळावर ठेवली, आन मग बोंब मारली. तू अकरा वर्साचा व्हतास. तुला कुणी येड्याचा पोर म्हणू नये म्हणून. त्यो लढाईवरनं आल्यापास्नं तुझ्यासारखाच बसायचा. मी म्हणायची, उठा, कामाला लागा, रडगाणं बास. हे माझं तोंड. मी एकदा तरी त्यास्नी इचाराय पायजे व्हतं. न्हाई इचारलं. तुला इचारते. झोप लागती का रं?"

पाणी आमच्या पायांना लागलं. गार. लुगडं जड व्हायला लागलं.

"न्हाई लागत," तो म्हणाला.

"जगावंसं वाटतं का?"

"न्हाई."

"मग लाल. मी लिवून घेतलं. आता मला वर काढ. ही थेरडी बुडली तर तुझ्या नावावर जाईल, आन माझं तेरावं घालायला तुझा चुलता बसंल, ते मला चालायचं न्हाई."

पाणी कमरेला आलं आणि ओढ घ्यायला लागलं. माझा हात सुटत होता. तेव्हा तो उठला. मला खांद्यावर टाकलं, जसं पोतं टाकतात, आणि काठाकडं वळला. एकदा पाय सरकला. वरून बबननं आणि शैलानं मिळून दोर टाकला, गाडीला दुधाचे कॅन बांधायचा. आम्ही वर आलो तेव्हा मागं बोगद्याच्या तोंडात पाणी गुळण्या टाकत होतं. शैलानं त्याला मिठी मारली नाही. त्याच्या दंडाला दोन्ही हातांनी धरून ठेवलं, बेडी घातल्यासारखं.

डॉक्टरीणबाई आणि शर्वरी आमच्या मागोमाग गाडी घेऊन तिथवर आल्या होत्या. जोती आणि शैला त्यांच्याबरोबर बसले. पोरगी रडत होती. "आजी, माझी चूक आहे, मी समोर उभं राहून विचारायला हवं होतं."

"मग आता इचारत जा," मी म्हटलं आणि बबनच्या गाडीवर बसले.

स्मारकापाशी जेवणाच्या पंगती बसल्या होत्या. साहेब टेबलावर जेवत होते, भावजी शेजारी उभे राहून वाढप्याला खुणा करत होते. मी ओल्या लुगड्यानिशी, कोपराचं रक्त तसंच घेऊन मधून चालत गेले. भावजी घाईनं पुढं आले.

"वैनी, साहेब जेवाय बसल्यात. घरात चला. घरात बोलू."

"जोती जिता हाय," मी म्हणाले. "हे आधी ऐका. तुम्ही इचारलं न्हाई म्हणून सांगते."

त्यांचा हात टेबलाच्या कडेवर गेला. साहेबांनी चमचा खाली ठेवला. बबन इंगवले माझ्या मागून पुढं झाला, चौथऱ्यावरच्या ओळीतून आपला फोन उचलला, त्याचा हार काढला आणि खिशात घातला. मग आणखी एक म्हातारा उठला. मग एक.

"वैनी, मी गावासाठी..." भावजी हळू म्हणाले. "आपल्या घराण्यासाठी..."

पन्नास वर्षांत मी त्यांना नावानं हाक मारली नव्हती.

"हणमंता, तुझा भाऊ घसरला न्हवता. खोटं मी बोलले, त्यो मेल्यावर बोलले, आन त्याचं वझं मी एकटीनं वागवलं. तू जित्या पोराच्या नावानं बोललास. रोज, मोठ्यानं, त्याला ऐकू जाईल असं. त्यानं तीन दिवस लाल दाबलं व्हतं रं. मला झेपत न्हाई, या, असं म्हणायला वाघाची छाती लागती, ती त्याच्यापाशी व्हती. तू ऐकलंस आन तुला भ्या वाटलं. गोळीला न्हाई भ्यालास, बर्फाला न्हाई भ्यालास, आन लोक काय म्हणतील याला भ्यालास. ती पदकं अंगावर ठेव न्हाईतर काढ, मला त्याचं काय न्हाई. पर ह्या सोळांत भित्रा एकच निघाला, हणमंता, आन त्यो माझा पोरगा न्हवं."